लग्नाआधी म्या चांगला होतो

माझं दुसरं लग्न पुण्यात, सरकारी दवाखान्याच्या फाटकाबाहेर ठरलं. तिथं चहाची गाडी होती आणि गाडीमागं एक बाकडं. बाकड्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो आणि मधोमध ती बाई. ती कुठल्याशा संस्थेत कामाला होती आणि आमच्यासारख्यांची लग्नं जुळवायची. तिनं त्याच्याकडं हात केला आणि मला म्हणाली, “यांनाही एचआयव्ही आहे, तुम्हालाही आहे. कुणी कुणाला फसवायचा प्रश्नच नाही.”

पुढं कितीतरी वेळा ते वाक्य कानात आलं आणि दर वेळी त्या बाईच्या अंगावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

नवऱ्याला अहो-जाहो करायची आमच्याकडं रीत आहे. त्याच्यापुढं मीही तुमी-तुमी करायची. लिहिताना मात्र मी ‘तो’ लिहिणार. तेवढं तरी माझ्या हातात आहे.

माझा पहिला नवरा ट्रकवर होता. त्यानं बाहेरून आजार आणला, मला दिला आणि नव्वदचं दशक सरता सरता मेला. मारायचा नाही, इतकं त्याच्या बाजूनं सांगता येईल. तेरावा झाला आणि सासरच्यांनी मला माझ्या पेटीसकट माहेरी आणून सोडलं. माहेर वेल्ह्याच्याही पुढं, एसटी जिथं वळून माघारी फिरते त्या गावात. आई-बाप कधीच गेले होते, घर भावाचं होतं. वहिनीनं माझं ताट आणि तांब्या पडवीतल्या खिडकीत ठेवला. तिच्या लेकरांना मी उचलायचं नाही. भातलावणीला मात्र मी चालायची. चिखलात हात घातला की हा रोग लागत नाही, ताटाला लावला की लागतो, असं तिचं शास्त्र होतं. भाऊ सगळं बघायचा आणि बैलांना पाणी दाखवायला निघून जायचा.

म्हणून त्या बाकड्यावर मी हो म्हणाले. त्याचं कापूरहोळला, भोरचा रस्ता फुटतो तिथं, वेल्डिंगचं दुकान होतं. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, ट्रॉल्या असलं काम. अंगानं बरा होता, हळू बोलायचा. त्याची एकच अट होती.

“माझ्या आईला यातलं कायबी ठावं न्हाई. तिला कळता कामा नये. तुझं बी आन माझं बी.”

आईला जपणारा माणूस आहे, असं मला वाटलं होतं.

त्याचं गाव आंबवड्याच्या पलीकडं. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. बाप लहानपणी गेलेला, चुलते शेजारीच. लग्न देवळात झालं. सगळ्या गावानं त्याचं कौतुक केलं. पोराचं पहिलंच लग्न आणि विधवेला पदरात घेतलं, काळीज मोठं लागतं, असं त्याचे चुलते चारचौघांत सांगायचे. सासूला, म्हणजे आत्याला, ते ऐकून छाती फुगल्यासारखं व्हायचं. मीही खालमानेनं ऐकायची. या काळजाला काय झालंय ते मला आणि त्याला, दोघांनाच माहीत होतं.

पहिला मार निरोधवरून बसला. दोघांनाही असला तरी वापरायचा, एकमेकांचा आजार एकमेकांत वाढतो, असं दवाखान्यात बजावून सांगितलं होतं. मी ते बोलले. तो हसला.

“आता काय राह्यलंय तुझं राखायचं?”

“दवाखान्यात सांगितलंय तुमालाबी,” मी म्हणाले.

त्यानं अशी एक ठेवून दिली की कानात शिट्टी वाजायला लागली. बाहेर आत्या शेंगा फोडत होती. तिनं आवाज ऐकला असणार. शेंगा फोडायचा आवाज काही थांबला नाही.

त्यानंतर रीतच पडून गेली. तोंडावर मारायचा नाही. तोंड गावाला दिसतं. पाठीवर, मांड्यांवर, कमरेत. दुकानातून आला की आधी पट्टा काढायचा. भाजी खारट, पाणी गार, शेजारणीशी बोलत का उभी होतीस, कसलंही निमित्त चालायचं. एकदा ग्राइंडरची झिजलेली चकती फेकून मारली, तिचा वण अजून माझ्या पोटरीवर आहे. आणि मारून झालं की तो तेच हळू आवाजात बोलायचा, जो आवाज मला बाकड्यावर आवडला होता.

“तोंड उघड. उघडून तर बघ. गावाला सांगतो तुला काय झालंय ते. मंग कुठं जाशील? भावाच्या गोठ्यात?”

मला लोक नंतर विचारायचे की तूही तेच का नाही म्हणालीस? त्यालाही तोच आजार होता, तूही धमकी द्यायचीस. विचारणाऱ्यांना त्या गावात एक दिवस सून म्हणून पाठवावं. विधवा म्हणून आणलेली बाई आणि तिला पदरात घेणारा पोरगा, यात कुणाचं खरं मानतील हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

त्या सुमाराला सरकारी दवाखान्यात आमच्या आजाराच्या गोळ्या फुकट मिळायला लागल्या होत्या. मला सुरू झाल्या. त्यालाही लागणार होत्या, पण तो यायचाच नाही. त्या लाइनीत कुणी कापूरहोळचं गिऱ्हाईक भेटलं तर, ही त्याची भीती. मग त्यानं माझ्याच गोळ्या घ्यायला सुरुवात केली. मी दवाखान्यातून आले की पिशवी आधी त्याच्या हातात. काही गोळ्या मला द्यायचा, काही स्वतः घ्यायचा, आणि राग आला असला तर डबी कुलपात ठेवायचा.

“आज न्हाई मिळायची. मर.”

या गोळ्या अर्ध्या घेऊन चालत नाहीत. खंड पडला की आजार त्यांना दाद देईनासा होतो. मला हे समजत होतं, त्यालाही समजत होतं. दवाखान्यातली नर्स माझे रिपोर्ट बघून ओरडायची, “तुम्ही गोळ्या चुकवता! जीव नकोसा झालाय का? तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी दिल्या असत्या.” मी खाली बघायची. मागं माझ्यासारख्या बायांची रांग असायची आणि त्यातली प्रत्येक जण ऐकत असायची. त्या नर्सचं काही चुकत नव्हतं, तरीही मला तिचा संताप यायचा.

अर्ध्यामुर्ध्या गोळ्यांनी त्याचंही काही भलं झालं नाही. तो खोकायला लागला. दुकान बंद पडलं. अंग उतरलं. भोरच्या एका खासगी डॉक्टरनं थुंकी आणि रक्त तपासलं. टीबी निघाला आणि त्याखाली दडलेलं दुसरंही निघालं. डॉक्टरनं त्याला खोलीत ठेवलं आणि बाहेर येऊन आत्याला आणि थोरल्या चुलत्याला सांगून टाकलं. मी तिथंच भिंतीला टेकून उभी होते. आत्याला तो शब्द नीट कळला नाही. चुलत्याला कळला. त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती पुन्हा त्या घरात कधी बदलली नाही.

घरी आलो. दुपारची वेळ होती. त्याला ओसरीवर बाजेवर निजवलं. आत्या, चुलता, चुलती सगळे भोवती उभे. मी दारात.

चुलत्यानं विचारलं, “खरं सांग. हे कवापासनं?”

मला वाटलं, आता सांगेल. एवढा आजारी आहे, आता तरी सांगेल. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाला, “लग्नाआधी म्या चांगला होतो.”

तेवढंच. बाकी काही बोलायची गरजच नव्हती. मला तर त्या वाक्यात त्याची हुशारी दिसते. हिनं दिला, असं तो म्हणालाच नाही. ते त्यानं दुसऱ्यांना म्हणू दिलं.

आत्यानं माझे केस धरले आणि मला अंगणात ओढलं. कडक हाडाची बाई होती. “माझ्या सोन्यासारख्या पोराला खाल्लंस गं! एक खाऊन आलीस आन दुसरा खायाला बसलीस!” चुलतीनं खराटा आणून दिला. मी ओरडत होते, “त्यांना इचारा, दवाखान्यात जमलंय आमचं लगीन, त्यांना आधीच व्हता.” कुणी ऐकलं नाही. शेजारची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि बघत राहिली. तो बाजेवर पडून होता. अंगण त्याला समोरच दिसत होतं. डोळे मिटले असते तर मी म्हणाले असते की लाज वाटली. त्यानं डोळे मिटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला, लग्न जुळवणाऱ्या त्या बाईकडं गेले. टेबलामागं बसली होती. तिला सगळं सांगितलं, पाठ दाखवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिचं पाणी नको होतं.

मी म्हणाले, “तुमी एकदा गावात चला. एवढंच सांगा, की लग्नाच्या आधी दोघांचं तुमाला माहीत होतं.”

“तसं मला सांगता येत नाही हो,” ती म्हणाली. “आमच्याकडे गुप्तता पाळावी लागते. त्यांच्या परवानगीशिवाय त्यांचं काही उघड करता येत नाही.”

“आन माझं उघड झालं ते?”

“ते आमच्याकडून झालेलं नाही.”

माझ्या पाठीवर हात ठेवायला ती उठली. मी पाठ काढून घेतली आणि जिना उतरले. गुप्तता चांगली गोष्ट आहे, मला मान्य आहे. माझ्या वाट्याला ती कधी आली नाही, सगळी त्यालाच पुरवली.

भावकीची बैठक देवळात बसली. ती मीच मागितली होती. चुलता नको म्हणत होता, घरातलं घरात राहू दे म्हणत होता. मी म्हणाले, घरातलं अंगणात आणलं ते तुमी, आता देवळात न्या. पुरुष मांडी घालून बसले, बाया खांबांच्या मागं. त्याला दोघांनी धरून आणलं. मी उभी राहून सगळं सांगितलं. बाकडं, चहाची गाडी, ती बाई, त्याची अट, गोळ्या. आवाज चढला असेल माझा. एक म्हातारा म्हणाला, “बाईनं एवढं बोलू न्हाई.” मी म्हणाले, “मंग त्यांना बोलू द्या. बेलभंडार उचला म्हणावं.”

आमच्याकडं देवापुढचा बेल आणि भंडारा हातात घेऊन खोटं बोलत नाहीत. निदान मी तोवर तसं समजत होते. पुजाऱ्यानं ताटली त्याच्यापुढं केली. त्यानं बेलाचं पान उचललं, भंडारा चिमटीत घेतला आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाला, “लग्नाआधी म्या चांगला होतो.” भंडारा कपाळाला लावून घेतला वर.

मी त्या देवाकडं बघितलं. त्यालाही काही बोलायचं नव्हतं. मी देवळातून बाहेर पडले ती घरी गेलेच नाही. अंगावरच्या लुगड्यानिशी भोरचा रस्ता धरला.

भोरच्या पोलीस चौकीत गेले. हवालदारानं तक्रार लिहायला त्याचा पेन दिला. मी सातवीपर्यंत शिकलेय, माझं मी लिहीत होते. मी लिहीत असतानाच त्यानं आजाराचं नाव विचारलं. सांगितलं. तो खुर्ची मागं घेऊन बसला.

“नवरा आजारी हाय ना? मंग त्याची सेवा करायची का तक्रार? जा घरी.”

मी पेन परत द्यायला लागले तर म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. तुमच्याकडंच ठेवा.”

भावाकडं गेले नाही. नसरापूरला एक खानावळ होती. तिची मालकीण मुसलमान, नवरा वारलेला, सगळी तिला भाभी म्हणायची. हायवेवरचे ड्रायव्हर, गॅरेजची पोरं, बाजाराला आलेले शेतकरी, दुपारी बसायला जागा मिळायची नाही. तिला भाकरी थापणारी बाई हवी होती. तिनं विचारलं, “नवरा?” मी म्हणाले, “मारतो.” तिनं पुढं काही विचारलं नाही. मागं एक पत्र्याची खोली होती, ती मला दिली. दवाखान्याच्या दिवशी मी सुट्टी मागायची, भाभी द्यायची. गोळ्या आता सगळ्या माझ्याच पोटात जात होत्या. अंग भरलं. खानावळीच्या आरशात एक दिवस मला माझे गाल दिसले.

आणि मग तो आला. त्याचा टीबी उपचारानं बरा झाला होता. चौकशी करत करत ऐन जेवणाच्या वेळेला दारात उभा राहिला. मी चुलीपाशी होते.

“चल घरी. आईच्यानं आता व्हत न्हाई.”

“न्हाई येत.”

“चल म्हनतो ना.”

“तुमच्या आईला सांगा दुसरी आणायला. विधवा मिळती का बघा.”

तो वळला आणि जेवणाऱ्यांना म्हणाला, “हिच्या हातच्या भाकरी खाताय व्हय? एड्स हाय हिला. एड्स!”

चावणारी तोंडं थांबली. एकानं हातातला घास ताटात टाकला. तो दारातून चुलीपाशी आला आणि त्यानं माझे केस धरले, अगदी त्याच्या आईसारखे, मुळाशी. माझ्या हातात उलथनं होतं, तव्यावरून नुकतं उचललेलं. मी ते त्याच्या मनगटावर मारलं. केस सुटले. मग खांद्यावर मारलं, मग तोंडावर. तो टेबलावर आपटला.

“आता तू सांग,” मी ओरडले. पहिल्यांदाच त्याला अरेतुरे केलं. “सांग ह्यांना तुला कवापासनं हाय. सांग की रे! हितं बेलबी न्हाई आन देवबी न्हाई!”

त्यानं तोंडाला हात लावून धरला होता. रक्त येत होतं. मला त्याची कीव आली नाही. अजूनही शोधून बघते, येत नाही. मी पुन्हा हात उचलला तेव्हा भाभी मध्ये आली. तिनं त्याची कॉलर धरली आणि पायरीवरून खाली ढकललं. “माझ्या घरात येऊन माझ्या बाईला हात लावतो? चल निघ!”

तोवर अर्धी खानावळ रिकामी झाली होती. भाभीनं आधी भांडी उरकून घेतली. मग म्हणाली, “उद्यापासनं तू भाकरी न्हाई थापायची.”

“भाभी, भाकरीतनं लागत न्हाई हा रोग.”

“मला सांगतीस? गिऱ्हाईकाला कोण सांगणार? तू का मी?”

मला धान्य निवडायला आणि भांड्यांना लावलं. मी रागानं परात आपटली, ती चेपली. भाभीनं ती उचलून जागेवर ठेवली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बुरखा घालून ती माझ्यासोबत भोरच्या चौकीत आली. तोच हवालदार होता. भाभी म्हणाली, “मी डोळ्यांनी बघितलंय. माझं नाव लिवा. आन हिला खुर्ची द्या.” त्यानं खुर्ची दिली. या वेळी तक्रार घेतली. माझ्या नवऱ्याला बोलावून बसवून ठेवलं, दम दिला. पुन्हा तो नसरापूरला आला नाही. भाकरी थापायला मला भाभीनं पुढच्या पावसाळ्यात परत बसवलं, माझ्या जागी कामाला घेतलेली बाई पळून गेली म्हणून. गिऱ्हाईक तुटलं ते तुटलं, बाकीचे खात राहिले. हायवेवरच्या माणसाला भूक लागलेली असते.

काही वर्षांनी तो मेला, असं भोरहून आलेल्या एका माणसाकडून कळलं. मी त्या दिवशी कुंकू पुसलं नाही, कारण लावतच नव्हते. गेले नाही.

पुढं एकदा सकाळी आत्या आली. चुली पेटायच्या होत्या. खानावळीच्या पायरीवर बसली. फार वाळली होती. मी उभीच राहिले.

“मरायच्या आदी बोलला तो,” ती म्हणाली. “तुज्या आदीपासनंच व्हता म्हणं त्याला.”

“कुणाला बोलला?”

“मला.”

“आणखी कुणाला?”

“येकटीच व्हते म्या जवळ.”

“मंग चला. आत्ता गाडी हाय भोरची. त्याच देवळात, त्याच माणसांपुढं हे सांगा. मी येते संगं.”

“मेलेल्या लेकाची अब्रू घालवू व्हय गं म्या?”

“माझी घालवलीत तवा मी जित्ती होते, आत्या.”

ती रडायला लागली. माझे पाय धरायला वाकली, मी पाय मागं घेतले. भाभीनं आतून दोन कप चहा पाठवला होता. एक मी प्यायले. दुसरा तिच्या बाजूला होता, मी घ्या म्हणाले नाही. तिनं घेतला नाही. थोड्या वेळानं ती उठली, पदरानं तोंड पुसलं आणि स्टँडकडं चालायला लागली. सोडायला कुणी आलेलं नव्हतं. मी चूल पेटवायला आत गेले.

लोक म्हणतात, माफ करून टाक, मन हलकं होतं. माझं मन जड नाही. त्या गावात अजून मीच त्याला खाल्लं असं बोलतात, हे मला माहीत आहे. म्हणून तिथलं कुणी मला बाजारात दिसलं की मी त्याला थांबवते आणि सांगते: त्याला आधीपासून होता, त्यानं बेल उचलून खोटं सांगितलं, आणि हे त्याच्या आईला ठाऊक आहे. समोरच्याला ऐकायचं असो वा नसो. आता काही जण मला लांबूनच बघून रस्ता ओलांडतात. मग मीही ओलांडते.